शिवराईचा संग्रह आणि संग्राहकांचा स्नेह

महाराष्ट्रांत जुन्या नाण्यांचा नाद ज्यास लागतो, त्याचा आरंभ बहुधा शिवराईपासूनच होतो. शके १५९६ (इ. स. १६७४) मध्यें रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि श्रीशिवछत्रपतींच्या नांवाचें तांब्याचें हें नाणें चालू झालें. पुढें त्यांच्या वारसांच्या व पेशव्यांच्या अमदानींत तोच मजकूर कायम ठेवून तें पाडलें गेलें, आणि इंग्रजी अंमल बसल्यावरहि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तें खेड्यापाड्यांच्या बाजारांत चालत होतें. इतका दीर्घ काळ आणि इतक्या टांकसाळी. तेव्हां शिवराई दुर्मिळ नाहीं. दुर्मिळ आहे ती चांगली शिवराई.

याचें कारण नाण्याच्या घडणींतच आहे. एका बाजूस 'श्री', 'राजा', 'शिव' असें तीन ओळींत, दुसऱ्या बाजूस 'छत्र', 'पति' असें दोन ओळींत, आणि भोंवतीं टिंबांची किनार, एवढा मजकूर ठशावर कोरलेला असे. परंतु ठसा मोठा व चकती लहान. शिवाय घाव हातोड्याचा. त्यामुळें कोणा नाण्यावर 'श्री' तुटलेला, कोणावर 'शिव' चकतीबाहेर गेलेला, आणि किनार तर एखाद्याच अंगास चार टिंबांपुरती. सबंध मजकूर व सबंध किनार एकाच नाण्यावर उतरली आहे असें पाहावयास मिळणें हा योगच समजावा. ढीगभर शिवराया चाळाव्या तेव्हां एखादी मनांत भरते, आणि ती बहुधा दुसऱ्याच्या संग्रहांत असते!

प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा कीं, संग्रहाची प्रत बाजारांत सुधारत नाहीं. ती स्नेह्यांच्या ओटीवर सुधारते. व्यापारी जें विकावयाचें तें दाखवितो. स्नेही आपल्याजवळचें सर्व दाखवितो, आणि आपल्या नाण्यांतील दोष तोंडावर सांगतो. माझ्या संग्रहांत एक लखलखीत शिवराई होती. ती मीं मोठ्या अभिमानानें वाईच्या एका वृद्ध स्नेह्यांपुढें ठेविली. त्यांनीं भिंग लावलें, क्षणभर पाहिलें आणि म्हणाले, "चिंचेनें घासली आहे." देवघरांतील तांब्यापळीप्रमाणें जुनें नाणेंहि चिंचेनें उजळावें हा आमच्या घरोघरचा परिपाठ, त्यानें तांब्यावर शतकांनीं बसलेला काळसर-तांबूस लेप जातो, आणि त्याबरोबर अक्षरांची धारहि जाते. गेलेला लेप पुन्हां आणतां येत नाहीं. त्यांनीं आपल्या पेटींतील एक काळवंडलेली शिवराई माझ्या हातावर ठेविली. भिंगाखालीं तिचें प्रत्येक अक्षर जणूं काल उठविलें असावें असें दिसलें. त्या दिवसापासून चकाकी आणि प्रत या दोहोंत मीं कधीं घोंटाळा केला नाहीं.

दुसरी गोष्ट त्यांच्याचपाशीं शिकलों. नाण्याची झीज आणि ठशाचा कमजोर आघात या निराळ्या गोष्टी आहेत, व नवशिक्या संग्राहकाची गफलत येथेंच होते. हातोहात फिरून झिजलेल्या नाण्यांत प्रथम अक्षरांचा माथा सपाट होतो, आणि अखेर अक्षर व पृष्ठभाग एक होऊन जातात. आघात नीट न बसलेल्या नाण्यांत मात्र एखादाच कोपरा पुसट असतो, बाकीचीं अक्षरें टोंकदार राहतात, आणि नाणें उलटून पाहिलें तर बहुधा त्याच जागीं मागची बाजूहि अर्धवट उठलेली आढळते. असें नाणें फारसें न वापरलेलें असूनहि झिजलेलें म्हणून टाकून दिलें जातें. मित्राच्या हातीं तें लागलें आणि मित्र प्रामाणिक असला, तर तो तें घेण्यापूर्वीं सांगतो. नसला तर आपणांस कधींच कळत नाहीं.

देवघेवीची रीत साधी आहे. एकजण दुदांडी शिवराईच्या, म्हणजे ओळींमध्यें दोन समांतर रेघा असलेल्या नाण्याच्या, मागें असतो. दुसऱ्यास अर्ध्या शिवरायाच हव्या असतात. तिसऱ्याचें सारें लक्ष अक्षरवटिकेवर. एकाचें जादा तें दुसऱ्याचें उणें. प्रत्येक वेळीं तराजू समतोल असलाच पाहिजे असा हट्ट धरणारा मनुष्य दोनतीन वर्षांत एकटा पडतो. या वर्षीं मीं अधिक द्यावें, पुढें केव्हां तरी त्यानें द्यावें; हिशोब वर्षांचा नव्हे, आयुष्याचा असतो. जमिनींत सांपडलेल्या ठेव्याचें नाणें मात्र या देवघेवींत मुळींच येऊं नये. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळविलें पाहिजे असें १८७८ च्या कायद्यानें ठरविलें, आणि मैत्रीच्या पडद्याआड असा ठेवा वांटून घेणारे संग्राहक आपल्याच शास्त्राचा गळा कापतात. असो.

येथवर ही वाट सुखाची आहे. अडचण पुढें आहे. शिवराईवर सामान्यतः साल नाहीं, टांकसाळीचें नांव नाहीं. अमुक नाणें महाराजांच्या हयातींतील कीं पन्नास वर्षांनंतरचें, हें ठरविण्यास अक्षरांचें वळण, वजन, चकतीची घडण आणि शुद्धलेखनाचे भेद यांवांचून दुसरें साधन फारसें नाहीं. कोठें 'शिव' आहे, कोठें 'सिव'. कोठें 'पति', कोठें 'पती'. आतां जो संग्राहक वर्षानुवर्षें एकच नियम पाळतो, कीं झिजलेलें द्यावें व ठळक घ्यावें, त्याच्या पेटींत काय उरतें? जें नाणें अधिक काळ चाललें तें अधिक झिजलें. म्हणजे जुनें तें बाहेर जाण्याचा संभव अधिक. ठळक नाणीं बरीचशीं दुदांडी, उत्तरकाळचीं. संग्रहाची प्रत चढत जाते आणि पुरावा उतरत जातो.

शिवराईहून फार जुनें एक उदाहरण घेतलें म्हणजे हें अधिक स्पष्ट होईल. १९०६ मध्यें नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें क्षहरात नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा सांठा सांपडला. त्यांत तेरा हजारांहून अधिक नाणीं होतीं, आणि पैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां उठविलेला होता. केवळ प्रतीकडे पाहणाऱ्यानें तीं 'बिघडलेलीं' म्हणून बाजूस सारलीं असतीं आणि अस्पर्श राहिलेलीं तेवढीं मखमलीवर मांडलीं असतीं. परंतु नहपानाचा पाडाव करणारा कोण, आणि त्यानें त्याच्या चलनाचें काय केलें, हें सांगतात तीं बिघडलेलींच. सुदैवानें तो सांठा पांगण्यापूर्वीं पाद्री स्कॉट यांनीं त्याची तपासणी करून वृत्तांत प्रसिद्ध केला. पंडित भगवानलाल इंद्रजींच्या क्षत्रप नाण्यांचीहि हीच कथा. राजाच्या मस्तकामागें ब्राह्मी अंकांत शकवर्ष असतें, पण तें पुष्कळदा चकतीबाहेर गेलेलें; एकेका राजाचीं अनेक नाणीं शेजारीं ठेवून ताडल्यावांचून वर्षांची सांखळी जुळत नाहीं. पंडितजी १८८८ मध्यें वारले. त्यांचा तो लेख रॅप्सन यांनीं संपादून १८९० मध्यें प्रसिद्ध केला, आणि नाणीं त्यांच्या इच्छेप्रमाणें ब्रिटिश म्यूझियममध्यें एकत्र राहिलीं.

आतां माझी स्वतःची चूक सांगतों. वर उल्लेखिलेल्या वाईच्या स्नेह्यांना मीं एकदां एक झिजकी शिवराई दिली, व तिच्या मोबदल्यांत त्यांनीं जवळजवळ सबंध किनारीची एक उत्तम प्रत मला दिली. व्यवहार उघडच माझ्या फायद्याचा होता, आणि तो त्यांनीं जाणूनबुजून केला होता. दिलेल्या नाण्याची छाप मीं घेतली नाहीं, वजन केलें नाहीं. बारा वर्षांनीं मिरजेच्या दुसऱ्या एका मित्रानें आपल्या एका शिवराईचें छायाचित्र पाठविलें. तींत 'राजा' या अक्षरांवरून एक बारीक उठावाची रेघ तिरपी गेलेली होती; ठशालाच तडा गेला म्हणजे नाण्यावर अशी रेघ उमटते. ती पाहतांच मला आठवलें कीं, मीं दिलेल्या शिवराईवर तीच रेघ, त्याच जागीं होती. मिरजेच्या नाण्याच्या मागें 'पती' असें दीर्घ होतें. माझ्या नाण्याच्या मागें 'पति' असें ऱ्हस्व असल्याचें मला अंधुक स्मरत होतें. तसें खरोखर असेल, तर पुढचा ठसा एकच आणि मागचे दोन. म्हणजे दोन्ही लेखनें एकाच टांकसाळींतलीं, एकाच सुमाराचीं. ऱ्हस्व-दीर्घावरून टांकसाळी निराळ्या पाडण्याची जी पद्धत मी स्वतः इतकीं वर्षें वापरीत होतों, तिचा आधार त्या एका नाण्यानें ढासळत होता.

परंतु स्मरण हा पुरावा नव्हे. वाईचे स्नेही तेव्हां हयात नव्हते, आणि त्यांचीं नाणीं एका व्यापाऱ्यानें वजनावर नेलीं होतीं. मी त्यांच्या घरीं गेलों. त्यांच्या कन्येनें माळ्यावरून एक वही काढून दिली. आलेल्या प्रत्येक नाण्याची पेन्सिलीनें घांसून घेतलेली कागदी छाप, वजन, आणि कोणाकडून आलें तें, असे रकाने त्यांनीं स्वतः आंखले होते. माझी शिवराई तींत निघाली. पुढें 'राजा'वरची तिरपी रेघ स्पष्ट आहे. मागें 'छत्र' पुसट आहे, पण 'त'च्या डाव्या अंगाची वेलांटी निःसंशय दिसते. मिरजेच्या नाण्याची छाप मागवून दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. 'राजा' अक्षरावर अक्षर बसला, आणि रेघेवर रेघ.

यावरून निदान या एका ठशापुरतें 'पति' आणि 'पती' हा भेद कोरणाराचा आहे, टांकसाळीचा नव्हे, एवढें म्हणण्यास हरकत दिसत नाहीं. ती टांकसाळ कोणती हें मात्र सांगतां येत नाहीं. नाणें मीं एका तांबटाच्या मोडींतून घेतलें होतें, आणि तें त्याच्याकडे कोणत्या गांवाहून आलें हें विचारण्याचें मला सुचलें नव्हतें. वहींत 'मूळ ठिकाण' या रकान्यांत माझें नांव आहे, आणि पुढें जागा कोरी सोडलेली आहे.