२०४७ पर्यंत सिकलसेल संपणार, म्हणजे नेमकं काय होणार? गोंदियातल्या गोरेगावातून समजून घेऊ

सरकारचा आरोग्य विभाग जेव्हा एखादा आजार 'संपवण्याची' तारीख जाहीर करतो, तेव्हा आपण ती बातमी वाचतो, फॉरवर्ड करतो आणि पुढे जातो. टीबीसाठी २०२५ होतं. सिकलसेलसाठी २०४७ आहे. पण ही तारीख दिल्लीहून निघून गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात पोहोचते, तेव्हा तिचा अर्थ काय होतो? कोणाच्या हातात काय पडतं?

आधी थोडक्यात योजना. १ फेब्रुवारी २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सिकलसेल निर्मूलन मोहिमेची घोषणा झाली. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये पंतप्रधानांनी तिची सुरुवात केली. १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची, कोण रुग्ण, कोण वाहक हे शोधायचं, आणि २०४७ च्या आत हा आजार 'सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न' म्हणून उरू द्यायचा नाही, असं ठरलं. २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींवर लोकांची तपासणी झाली. त्यात २ लाखांहून जास्त रुग्ण आणि १६ लाखांहून जास्त वाहक सापडले.

महाराष्ट्रासाठी हे काही नवं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच केली होती आणि राज्याचा स्वतःचा सिकलसेल कार्यक्रम केंद्राच्या मोहिमेच्या बऱ्याच आधीपासून चालू आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा त्याचा मुख्य पट्टा, आणि दुसऱ्या टोकाला नंदुरबार.

हा पट्टाच का?

उत्तर धानाच्या बांध्यांत, तलावांत आणि जंगलात आहे. हा सगळा पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचा मुलूख. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा नमुना आई आणि वडील दोघांकडून येतो. दोघांपैकी एकाकडूनच सिकलचा नमुना आला, तर तो माणूस 'वाहक' होतो. डॉक्टर त्याला एएस म्हणतात. वाहकाला लहानपणी मलेरियाने मरण्याचा धोका इतरांपेक्षा कमी असतो, हे १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. म्हणजे ज्या प्रदेशात डास माणसं मारत होते, तिथे हा नमुना लोकांना वाचवत राहिला आणि म्हणून टिकला.

किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली. आई आणि वडील दोघांकडूनही तोच नमुना आला, की मूल एसएस होतं, म्हणजे रुग्ण. त्याच्या लाल पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. पेशी लवकर मरतात म्हणून रक्त कायम कमी. लहान मुलांची प्लीहा निकामी होत जाते आणि साधा वाटणारा ताप जिवावर बेतू शकतो.

कळा कशाने सुरू होतात ते पाहा: शरीरातलं पाणी कमी होणं, थंडी, भिजणं, ताप, अतिश्रम. आता गोरेगावच्या शिवारातला जुलै डोळ्यांसमोर आणा. रोवणी चालू आहे, बाया सकाळपासून घोटाभर चिखलात वाकून उभ्या आहेत, वरून पाऊस. त्याआधी मे महिन्यात ४५ अंशांची झळ. 'भरपूर पाणी प्या, थंडीपासून जपा, जड काम टाळा' हा सल्ला दवाखान्यात योग्यच आहे, पण ज्या घरात रोजी बुडाली की चूल अडते तिथे तो पाळायचा कोणी, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

'संपवणं' या शब्दात काय दडलंय

देवी संपली, कारण तिचा विषाणू संपला. सिकलसेल संसर्गाने पसरत नाही. तो जनुकात आहे आणि लाखो निरोगी वाहकांच्या अंगात राहणार आहे. वाहक हा आजारी माणूस नव्हे. तो शेती करतो, पोलिसात जातो, म्हातारा होतो. त्यामुळे जनुक 'संपवणं' शक्य नाही आणि गरजही नाही. सरकारी भाषेत निर्मूलनाचा प्रत्यक्ष अर्थ होतो, नवी एसएस मुलं जन्माला येणं जवळजवळ थांबवणं.

ते कसं? गणित सोपं आहे. दोन्ही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी होण्याची २५ टक्के. हे प्रत्येक वेळी नव्याने लागू होतं. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नसतं. हा गैरसमज फार महागात पडतो. एक वाहक आणि दुसरा निरोगी असेल, तर मूल रुग्ण होतच नाही. फार तर वाहक होईल. अगदी रुग्ण व्यक्तीने निरोगी जोडीदाराशी लग्न केलं तरी सगळी मुलं वाहकच होतात, रुग्ण नाहीत.

म्हणून मोहिमेचा सगळा भर तपासणी, रंगीत कार्ड आणि लग्नाआधीचं समुपदेशन यांवर आहे. पत्रिकेसोबत कार्डही जुळवा, असं म्हणतात. ऐकायला छान. पण स्थळं पाहण्याच्या आपल्या पद्धतीत कार्ड सगळ्यात आधी कोणाचं मागितलं जातं? मुलीचं. वाहक मुलगी 'रोगी' ठरते, वाहक मुलाचं कार्ड पेटीत राहतं. एकाच बाजूचं कार्ड पाहून काहीच कळत नाही, हे वरच्या गणितातून उघड आहे. तरीही नाकारली जाते ती मुलगी. कार्ड वाटण्याचं उद्दिष्ट सहज मोजता येतं. ते कार्ड घेऊन मुलीला घरी काय ऐकावं लागलं, याचा रकाना कुठल्याच अहवालात नसतो. माझ्या मते या मोहिमेतली सगळ्यात अवघड जागा हीच आहे.

आणखी एक गोम. गावातल्या शिबिरात बहुतेक वेळा साधी विद्राव्यता चाचणी होते. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन द्रावणात टाकतात, द्रावण गढूळ झालं तर 'पॉझिटिव्ह'. पण ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तिच्यावर विसंबता येत नाही. खरा निकाल इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या चाचणीतून कळतो. त्यामुळे पहिल्या चाचणीनंतर कोणी पॉझिटिव्ह म्हटलं असेल, तर दुसरा अहवाल हातात येईपर्यंत कोणतंही लेबल लावून घेऊ नका.

गोरेगावात जबाबदारी कोणाची?

इथे थोडं थांबू, कारण 'आरोग्य विभाग' म्हणजे एक खातं असं आपण धरून चालतो.

आशाताई साधारण हजार लोकसंख्येमागे एक. वर उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र. हे जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. गोरेगावचं ग्रामीण रुग्णालय मात्र राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. आणि पुढे पाठवलेला रुग्ण ज्या गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचतो, ते तिसऱ्याच खात्याकडे, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. पैशाचा मोठा भाग राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो, तोही केंद्र ६० आणि राज्य ४० असा वाटून. आदिवासी विकास विभागाचाही यात भाग आहे.

याचा रुग्णाला काय फरक पडतो? हायड्रॉक्सियुरिया या औषधाचं उदाहरण घ्या. ते रोज घेतलं तर कळांची वारंवारता कमी होते आणि रक्त देण्याची गरज घटते. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ते आहे. पण ते चालू असताना ठरावीक काळाने रक्तपेशींची मोजणी करावी लागते, आणि गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून बंद करावं लागतं. म्हणजे गोळी एका खात्याच्या दवाखान्यात, पेशींची मोजणी दुसरीकडे, आणि गोळी सुरू करणारे तज्ज्ञ तिसऱ्याकडे, असं झालं तर कागदावर औषध 'उपलब्ध' असूनही माणूस दोन महिन्यांत ते सोडून देतो. एसटीने गोंदियाला जायचं, तिथे दिवस घालवायचा, मजुरी बुडवायची, आणि हे दर महिन्याला. म्हणून मोहिमेचं यश किती लोक तपासले यापेक्षा वर्षभरानंतर किती रुग्ण नियमित गोळी घेत आहेत, यावरून जोखायला हवं.

मोठं चित्रही लक्षात ठेवा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचा आणि त्यातले दोन तृतीयांश किंवा जास्त प्राथमिक सेवेवर घालायचे, असं म्हटलं होतं. तो २.५ टक्क्यांचा टप्पा गाठला गेलेला नाही.

कुष्ठरोगाचा अनुभवही ताजा आहे. १० हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण झाले म्हणून २००५ च्या अखेरीस देशाने निर्मूलन गाठल्याचं जाहीर झालं. पूर्व विदर्भात नवे रुग्ण नंतरही सापडत राहिले, पण घोषणेनंतर लक्ष मात्र पांगलं.

फक्त आदिवासींचा आजार?

केंद्राच्या मोहिमेची भाषा मुख्यतः आदिवासी भागांची आहे. देशपातळीवर ते बरोबरही आहे. पण विदर्भात सिकलसेल गोंडांसारख्या आदिवासी समाजांबरोबरच बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आणि काही ओबीसी जातींतही आढळतो. आदिवासी नसलेल्यांनी 'हे आपल्याकडे नसतं' म्हणून तपासणी टाळावी, असं इथे काहीच नाही. भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असं पूर्वी म्हटलं जायचं. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी विदर्भातल्या मुलांमध्ये तीव्र आजार बराच पाहिला आहे, त्यामुळे त्या समजावर फार विसंबू नये.

हक्काचं काय आहे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. ठरावीक टक्केवारीचं प्रमाणपत्र असेल, तर उच्च शिक्षणातल्या राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात मात्र रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. त्यामुळे कोणी 'प्रमाणपत्र काढून देतो, नोकरी पक्की' असं सांगत असेल, तर पैसे देऊ नका. रुग्णांना एसटीच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलत आहे, त्यासाठी ओळखपत्र लागतं.

लोहाच्या गोळ्यांबद्दल नेहमी विचारलं जातं. वाहकांनी शाळेत किंवा गरोदरपणात मिळणाऱ्या गोळ्या बंद करायचं कारण नाही. एसएस रुग्णांचं रक्त मात्र लोहाच्या कमतरतेमुळे कमी झालेलं असेलच असं नसतं, आणि वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह साठतं, म्हणून त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. फॉलिक अ‍ॅसिड त्यांना नेहमी दिलं जातं.

आणि दवाखान्यात गेलात तर हे विचारा: माझा पक्का अहवाल एएस आहे की एसएस, आणि तो लेखी द्याल का? गोळी गोरेगावातच दर महिन्याला मिळेल का? पेशींची मोजणीही त्याच दिवशी इथेच होईल का? बाळाला ताप आला तर रात्री कुठे जायचं? जोडीदाराची तपासणी कधी करता? १९ जूनला जागतिक सिकलसेल दिनाच्या शिबिरात हे विचारायला गर्दीमुळे वेळ मिळणार नाही. एखाद्या साध्या मंगळवारी जा.