इलेक्ट्रिक व्हीलचेअर घेतली म्हणून हातपाय जात नाहीत

“इलेक्ट्रिक व्हीलचेअर नको हं. एकदा सवय लागली की उरलीसुरली ताकदही जाईल.” हे वाक्य नातेवाईक म्हणतात, शेजारी म्हणतात, स्टॉपवर भेटलेला अनोळखी माणूसही न विचारता ऐकवतो. लहानपणी पोलिओ झालेल्या पन्नाशीतल्या बाईंना हाच सल्ला, मणक्याला मार बसलेल्या तरुणाला हाच आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईलाही हाच. तिघांची शरीरं वेगळी, अडचणी वेगळ्या. सल्ला मात्र एकच, आणि तो तिन्ही ठिकाणी चुकीचा.

आधी मणक्याला इजा झालेला तरुण घेऊ. कमरेखालचं शरीर साथ देईनासं झालं की फिरण्याचा सगळा भार हातांवर येतो. खांद्याचा सांधा वजन पेलण्यासाठी नाही. हात सगळीकडे फिरावा म्हणून तो मुळातच सैल असतो. साधी व्हीलचेअर वापरणारा माणूस दिवसभरात शेकडो वेळा चाकाला रेटा देतो. शिवाय पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर स्वतःला उचलून नेतो, तेही याच खांद्यांच्या जोरावर. वर्षानुवर्षं हे चाललं की खांद्याच्या कंडरा झिजतात, मनगटातली नस दबते. अमेरिकेत मज्जारज्जूच्या इजांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने 2005 मध्ये रुग्णांचे हात कसे जपावेत याच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ज्यांच्या खांद्यांना धोका जास्त आहे त्यांच्यासाठी पॉवर व्हीलचेअरचा विचार करा, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे मोटर इथे ताकद घालवत नाही, वाचवते. खांदे निकामी झाले तर या तरुणाला पलंगावरून उतरायलाही दुसऱ्याची वाट बघावी लागेल.

आता पोलिओ. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत सापडला, 2014 मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. पण त्याआधी पोलिओ झालेली मोठी पिढी आज चाळिशीत, पन्नाशीत, साठीत आहे. यातल्या अनेकांना आयुष्यभर कॅलिपर आणि कुबड्यांवर चालल्यानंतर नव्याने अशक्तपणा, थकवा आणि वेदना सुरू होतात. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मज्जाविकार संस्थेच्या अंदाजानुसार पोलिओतून वाचलेल्यांपैकी 25 ते 40 टक्के लोकांना तो गाठतो. पोलिओत जगलेल्या मज्जापेशींनी मेलेल्या पेशींचं काम अंगावर घेतलेलं असतं आणि काही दशकांनी त्या भाराखाली त्या थकतात, असं त्याचं कारण मानलं जातं. अशा बाईंना “जमेल तितकं चालत राहा” म्हणणं म्हणजे थकलेल्या पेशींवर आणखी ओझं लादणं. डॉक्टर त्यांना शक्ती राखून वापरायला सांगतात. दूरच्या अंतरासाठी मोबिलिटी स्कूटर (हँडलने चालवायची बॅटरीवरची छोटी गाडी) किंवा पॉवर चेअर हा त्याच उपचाराचा भाग आहे.

तिसरं लहान मूल. “खुर्ची दिली तर ते चालायला शिकणारच नाही,” या भीतीपोटी कित्येक मुलं सात-आठ वर्षांची होईपर्यंत आईच्या कडेवर राहतात. मारिया जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शरीराच्या हालचालींत तीव्र अडचणी असलेली, 14 ते 30 महिन्यांची 28 मुलं त्यात होती. त्यांच्यातल्या एका गटाला वर्षभर पॉवर व्हीलचेअर दिली. या गटाची बोललेलं समजण्यात आणि हिंडण्याफिरण्यात दुसऱ्या गटापेक्षा जास्त प्रगती झाली, आणि आईवडिलांची मदतही कमी लागू लागली. यात चमत्कार काही नाही. मूल स्वतः हलतं, तेव्हा कुठे जायचं हे त्याला ठरवावं लागतं. ठरवता ठरवता ते शिकतं. कडेवरच्या मुलाला ती संधीच मिळत नाही.

न वापरलेला स्नायू बारीक होतो, हे खरं आहे. म्हणूनच फिजिओथेरपी, उभं राहण्याचा सराव, पोहणं हे सगळं खुर्ची आल्यावरही चालू ठेवायचं असतं. पण व्यायाम आणि येणं-जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिफ्टने दहाव्या मजल्यावर जाणाऱ्याला “पाय जातील” असं कुणी सांगत नाही. मग कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचण्यातच ज्याची सगळी शक्ती संपते, त्यालाच हा उपदेश का? वर्गात बसल्यावर त्याच्यात ऐकण्याचं, लिहिण्याचं, मित्रांशी भांडण्याचं त्राण उरायला नको का?

एड रॉबर्ट्स यांचं उदाहरण बघा. पोलिओने त्यांचं मानेखालचं शरीर जवळजवळ पूर्ण लुळं केलं होतं. 1962 मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात प्रवेश मिळवला. 1972 मध्ये तिथे सुरू झालेल्या अपंगांच्या स्वतंत्र जीवन केंद्राचे ते एक आधारस्तंभ होते. पुढे ते राज्याच्या पुनर्वसन खात्याचे प्रमुख झाले. यातली बरीचशी वाटचाल त्यांनी पॉवर व्हीलचेअरवर बसून केली. आज पॉवर चेअरवर फुटबॉलही खेळला जातो: प्रत्येक संघात चार खेळाडू, वेगमर्यादा ताशी 10 किलोमीटर, पहिला विश्वचषक 2007 मध्ये टोकियोत. आपल्याकडे आयआयटी मद्रासमध्ये घडलेलं ‘निओबोल्ट’ हे मोटरचं जोडयंत्र व्हीलचेअरला पुढून लावतात आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंत वेगाने रस्त्यावर जातात. त्यावरून घरोघरी जेवण पोचवणारे तरुण चेन्नईत दिसतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“ताबा सुटेल.” जॉयस्टिक सोडली की खुर्ची थांबते आणि ब्रेक आपोआप लागतो.

“हातच चालत नाहीत, मग उपयोग काय?” हनुवटीने, डोक्याच्या हालचालीने किंवा नळीतून श्वास फुंकून चालणाऱ्या खुर्च्या आहेत.

“थोडं चालता येतं, म्हणजे गरज नाही.” घरात चार पावलं टाकता येणाऱ्या माणसालाही बाजारापर्यंतचं अंतर झेपेलच असं नाही.

“स्कूटर आणि व्हीलचेअर एकच.” स्कूटरला पाठीचा तोल आणि हँडल धरायला हात लागतात, धडाला आधार हवा असेल तर खुर्चीच हवी.

“नुसतं बसून जखमा होतात.” सीट विजेवर मागे कलणारी असेल तर माणूस दिवसातून अनेकदा स्वतःच दाब हलका करू शकतो.

“आपले रस्ते असे, खुर्ची घेऊन करायचं काय?” हा दोष रस्त्याचा आहे. 15 सेंटिमीटरच्या एका पायरीला 1:12 उताराचा म्हणजे 1.8 मीटर लांबीचा रॅम्प पुरतो. सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सांगितलं आहे. तेव्हा सोसायटीच्या सभेत रॅम्पचा विषय काढा.

खुर्ची घेताना मात्र जाहिरात बघून घेऊ नका. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून माप घ्या, घराच्या दारांची रुंदी मोजा, सरकारी एडिप योजनेत काही मिळतं का ते विचारा. आणि ओळखीतलं कुणी खुर्ची घ्यायला निघालं, तर सवयीची भीती घालू नका. व्यायामासाठी वेगळा वेळ काढता येतो; पण शाळा, नोकरी, बाजार आणि लग्नकार्यापर्यंत पोचण्यासाठी कुणाला रोज स्वतःच्या स्नायूंची परीक्षा द्यावी लागू नये.