गाडी थांबते कशाने?

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा मोटारसायकलवरून घसरला. कोपर सोलवटले, आरसा फुटला, एवढ्यावर निभावले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, ''मामू, गाडीला डिस्क ब्रेक बसवायचाय. थोडे पैसे द्याल?'' गाडी शंभर सीसीची, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. पैसे देण्याआधी मी त्याला मिस्त्रीकडे नेले. त्यामागे एक जुनी आठवण होती.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी, बायको आणि मध्ये बसवलेली चार वर्षांची मुलगी असे आंबा घाट उतरत होतो. पेट्रोल वाचवायच्या नादात मी गाडी न्यूट्रल केली होती आणि मागचा ब्रेक दाबून धरला होता. निम्म्या घाटात ब्रेक लागेनासा झाला. पुढचा ब्रेक दाबत, कसाबसा गिअर टाकत गाडी डोंगराकडच्या चरात घातली. मुलगी हसत होती. तिला वाटले, अब्बांनी गंमत केली. माझी बोटे मात्र कितीतरी वेळ हँडलवरून सुटेनात.

श्रोतेहो, तो ब्रेक तुटला नव्हता, तापला होता. ब्रेक गाडीच्या गतीची उष्णता करतो. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. म्हणून ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटर वेग असला की ब्रेक लागल्यानंतर थांबायला चौपट अंतर लागते. ड्रममध्ये ही उष्णता कोंडते आणि लायनरची पकड ढिली पडते. डिस्क उघडी असते, तिला वारा लागतो, ती लवकर निवते. घाटात गाडी गिअरमध्ये ठेवली तर बराचसा भार इंजिनच उचलते.

मग डिस्कच का बसवू नये? मिस्त्रीने भाच्याला उत्तर दिले नाही, चाक खोलून दाखवले. लायनर झिजून गुळगुळीत झालेले, केबल गंजलेली आणि टायरवरची नक्षी जवळपास पुसलेली. ''ब्रेक चाकाला थांबवतो, बेटा,'' तो म्हणाला, ''गाडीला टायर थांबवतो.'' अशा टायरवर जोरकस डिस्क बसवली, तर ओल्या रस्त्यावर चाक आणखी लवकर जाम होऊन घसरेल.

शिवाय डिस्क म्हणजे नुसती तबकडी नव्हे. तिच्यासाठी वेगळा हब, कॅलिपर धरणारा फोर्कचा पाय, हँडलवरचा मास्टर सिलिंडर, हे सगळे लागते. त्याच मॉडेलची डिस्कवाली आवृत्ती कंपनीने काढली असेल, तरच तिचे अस्सल भाग मिळतात का ते पाहावे. जुगाड नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नेही गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने घातली आहेत.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी टायर, मग शू आणि केबल. डिस्क असेल तर चांगले पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल. हे द्रव हवेतली ओल शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओल मुरल्यावर तो १५५ च्या आसपास येऊ शकतो. उकळले की वाफ होते आणि दांडी मऊ पडते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे, आणि त्यात इंजिन ऑइल तर कधीच घालू नये; रबरी सील फुगून खराब होतात.

एबीएस हवे असेल, तर नवी गाडी घेतानाच ते पाहून घ्यावे. गल्लीतल्या गॅरेजात बसवण्याची ती वस्तू नव्हे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना ते सक्तीचे झाले. ते चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे गाडी ताब्यात राहते.

भाच्याच्या गाडीला नवे टायर, नवे शू, नवी केबल असे सगळे झाले. खर्च मी केला. त्या संध्याकाळी रिकाम्या मैदानावर त्याला पुढचा आणि मागचा ब्रेक एकदम, पण हळूहळू दाबायला शिकवले. ब्रेक दाबताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचे मोठे काम तेच करते. इतकी वर्षे तो पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचाच दाबत होता.

निघताना तो म्हणाला, ''मामू, डिस्क राहिलीच की!'' मी म्हटले, ''पुढची गाडी घेशील ना, तेव्हा. तोवर सावकाश जा.''