बट्टा : परदेशातील एटीएम आणि आपल्या खिशाला लागणारी कात्री

'नावाला बट्टा लागणे' हा वाक्प्रचार आपण सर्वांनी वापरलेला आहे. परंतु बट्टा हा शब्द मुळात बाजारातला, सराफाच्या पेढीवरचा आहे, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही. एक नाणे देऊन दुसरे घेताना जी कसर सोसावी लागे, तिला बट्टा म्हणत. या शब्दापासून सुरुवात करण्याचे कारण असे की, परदेशातील एटीएममधून पैसे काढताना आपल्या खात्यातून जे जास्तीचे रुपये वजा होतात, ते समजून घेण्यासाठी याहून नेमका शब्द मराठीत दुसरा नाही.

आपण नागपूरच्या महाल भागात राहत असाल तर हा विषय आपल्या दारातलाच आहे. भोसल्यांच्या राजवाड्यावरून या वस्तीला महाल हे नाव मिळाले. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची स्वतःची टांकसाळ होती. तिच्या रुपयावर नाव मात्र मोगल बादशहाचे असे. हा नागपुरी रुपया घेऊन पुण्याकडे किंवा हैदराबादेकडे निघालेल्या माणसाला वाटेत वेगवेगळे रुपये भेटत. प्रत्येकाचे वजन निराळे, चांदीचा कस निराळा. नाणे झिजलेले आहे का, कोणत्या सालाचे आहे, कोणत्या टांकसाळीचे आहे, हे पाहून सराफ बट्टा ठरवीत असे. भोसल्यांचा अंमल कटकपर्यंत होता आणि तिकडे रोजच्या व्यवहारात कवड्या चालत. म्हणजे एकाच राज्यात राहूनही पैसा बदलावा लागे. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकसारखा रुपया सुरू केला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्यानंतर हळूहळू हा अंतर्गत बट्टा संपला. देशाबाहेरचा बट्टा मात्र राहिला. जुन्या मराठी वृत्तपत्रांत त्याला 'परकीय हुंडणावळ' असे भारदस्त नाव होते.

आता आजचा प्रसंग घेऊ. समजा, आपली मुलगी दुबईत नोकरी करते आणि आपण महिनाभरासाठी तिच्याकडे निघाला आहात. राहण्याजेवण्याचा खर्च ती करणारच आहे. तरीही नातवाच्या हातावर खाऊसाठी ठेवायचे पैसे, येताना शेजारीपाजारी वाटायच्या खजुराचे पैसे, एखाद्या दिवशी एकट्याने बाहेर पडलो तर टॅक्सीचे भाडे, हे सारे आपल्याच खिशातून जावे असे आपल्याला वाटते. लेकीपुढे हात पसरायला लागू नये, ही भावना लहान नाही. म्हणूनच निवृत्तिवेतनाच्या खात्याचे डेबिट कार्ड सोबत घेतले जाते. त्या कार्डाने पैसे काढताना नेमके काय घडते, ते पाहू.

पैसा कोणाकोणाच्या हातातून जातो

परदेशातील एका व्यवहारात चार हात असतात. पहिला हात ज्या बँकेचे यंत्र आहे तिचा. ती परकी कार्डे वापरणाऱ्यांकडून प्रत्येक वेळी ठरावीक रक्कम घेऊ शकते. थायलंडमध्ये हा आकार दरवेळी २२० बाटच्या आसपास असतो. काही देशांत तो मुळीच नसतो. दुसरा हात कार्डावर ज्याचे चिन्ह असते त्या जाळ्याचा, उदाहरणार्थ व्हिसा किंवा मास्टरकार्ड. दिरहमचे रुपयांत रूपांतर करण्याचा दर हे जाळे ठरवते. हा दर बहुधा घाऊक बाजारभावाच्या जवळपास असतो, त्यामुळे येथे फारसे नुकसान होत नाही. तिसरा हात आपल्या स्वतःच्या बँकेचा, आणि तो दोनदा पुढे येतो: एकदा व्यवहाराचे ठोक शुल्क म्हणून, दुसऱ्यांदा विनिमयदरावरील अधिभार म्हणून. या अधिभाराला बँकेच्या कागदपत्रांत 'मार्कअप' म्हणतात. अनेक भारतीय बँकांत तो साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो. जुन्या सराफाचा बट्टा तो हाच. चौथा हात सरकारचा: बँकेच्या या दोन्ही आकारांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. लक्षात घ्या, हा कर आपण काढलेल्या रकमेवर नसून शुल्कावर असतो.

आकडे घालून पाहिल्याशिवाय हे पटत नाही. हिशेब सोपा जावा म्हणून एक दिरहम म्हणजे २४ रुपये असे धरू. आपण १००० दिरहम काढले, म्हणजे मूळ रक्कम २४,००० रुपये. अधिभार साडेतीन टक्के, म्हणजे ८४० रुपये. त्यावर कर १५१ रुपये. बँकेचे ठोक शुल्क १५० रुपये धरले तर करासह १७७. यंत्राच्या मालकाने २० दिरहम घेतले असे मानल्यास ते ४८० रुपये. एकूण कसर १,६४८ रुपये, म्हणजे जवळजवळ सात टक्के.

आता हेच १००० दिरहम आपण 'परक्या देशात फार पैसे जवळ नकोत' अशा सावध विचाराने पाच वेळा दोनशे-दोनशे करून काढले, तर काय होईल? अधिभार आणि त्यावरील कर तेवढेच राहतील, कारण ते टक्केवारीने लागतात. ठोक आकार मात्र पाचपट होतील: ६५७ गुणिले ५, म्हणजे ३,२८५ रुपये. एकूण कसर ४,२७६ रुपये, म्हणजे सुमारे अठरा टक्के. सावधपणाची ही किंमत आहे, आणि ती भरणाऱ्यांत आपल्या पिढीचेच लोक अधिक आढळतात. तेव्हा वारंवार थोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढणे स्वस्त पडते. मात्र 'पुरेसे' या शब्दाकडे लक्ष द्या. उरलेले दिरहम परत रुपयांत बदलताना विक्रीचा नव्हे तर खरेदीचा, म्हणजे कमी दर मिळतो आणि दुसऱ्यांदा बट्टा बसतो.

खात्यातली शिल्लक पाहण्यासाठी यंत्रात कार्ड घालू नये. परदेशात नुसत्या चौकशीलाही अनेक बँका शुल्क लावतात, आणि शिल्लक अपुरी असल्यामुळे नाकारलेल्या व्यवहारालाही. शिल्लक भ्रमणध्वनीवरच्या बँकेच्या ॲपमध्ये पाहावी.

पडद्यावरचे एक वाक्य

आता या घटकातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. भाषेच्या विद्यार्थ्याने त्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण येथे नुकसान गणितामुळे नव्हे तर वाक्य नीट न वाचल्यामुळे होते.

आपण कार्ड घातले, पिन दिला, रक्कम निवडली. यंत्र ओळखते की कार्ड भारतातले आहे, आणि मग पडद्यावर एक सौजन्यपूर्ण मजकूर येतो. त्याचा आशय असा: आपल्या खात्यातून नेमके इतके रुपये वजा होतील, हा दर हमीचा आहे, आपण हे रूपांतर स्वीकारता काय? खाली दोन पर्याय असतात: 'ॲक्सेप्ट कन्व्हर्जन' आणि 'डिक्लाइन कन्व्हर्जन'. बहुतेक जण पहिला पर्याय निवडतात. त्यांचे काही चुकते असेही नाही, कारण वाक्यच तसे रचलेले आहे. रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो. 'हमी' हा शब्द धीर देतो. आणि 'डिक्लाइन' म्हटले की व्यवहारच रद्द होईल, कार्ड आत अडकेल, अशी भीती वाटते.

प्रत्यक्षात 'डिक्लाइन' केल्याने व्यवहार रद्द होत नाही. नाकारले जाते ते फक्त यंत्राने केलेले रूपांतर. पैसे दिरहममध्येच हातात येतात, आणि रुपयांचा हिशेब कार्डाचे जाळे व आपली बँक करते. या सोयीला 'डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन' असे नाव आहे. तिच्यात दर ठरवणारा यंत्राचा मालक असतो, आणि तो दर त्याच्या लाभाचा असतो. आपल्या उदाहरणात यंत्राने २४ ऐवजी २५ रुपये ७० पैसे दर लावला, तर १००० दिरहमवर १,७०० रुपये तेथेच गेले. 'निदान आपल्या बँकेचा अधिभार तरी वाचला' असे समाधानही मिळेलच असे नाही. व्यवहार परदेशात झाला एवढ्याच कारणावरून रुपयांतल्या रकमेवरही अधिभार लावणाऱ्या बँका आहेत. म्हणजे एकाच नाण्याला दोन सराफांनी बट्टा लावला.

युरोपीय संघाने या बाबतीत चांगला नियम केला आहे. एप्रिल २०२० पासून तेथील यंत्रांना आपला दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्क्यांनी अधिक आहे, हे दाखवावे लागते. सगळीकडे असा नियम नाही. म्हणून कोणत्याही देशात, यंत्रावर असो वा दुकानात, विचारणा झाली की स्थानिक चलन निवडावे. दुबईत दिरहम, बँकॉकमध्ये बाट, पॅरिसमध्ये युरो. पडद्यावर रुपये दिसले की थांबावे.

विमानतळावरची आणि पर्यटनस्थळांवरची चलनविनिमय कंपन्यांची यंत्रे अशी विचारणा हमखास करतात. बँकेच्या शाखेला जोडलेले यंत्र त्या मानाने बरे; शिवाय कार्ड अडकले तर आत जाऊन विचारता येते.

निघण्यापूर्वी

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांमुळे नवीन कार्ड केवळ देशांतर्गत वापरापुरते सुरू करून मिळते. परदेशातील वापर आपण स्वतः, ॲपवरून किंवा शाखेत जाऊन, सुरू करावा लागतो. हे न केल्यास शारजाच्या विमानतळावर उत्तम कार्ड हातात असूनही एक दिरहम निघणार नाही. तेथेच रोजची मर्यादाही ठरवता येते. परतल्यावर हा वापर पुन्हा बंद करावा.

शाखेत जाल तेव्हा 'परदेशात चालेल ना?' एवढेच विचारून परत येऊ नका. काउंटरवरचा कर्मचारी 'हो, चालेल' म्हणतो आणि ते खरेच असते. विचारायचे ते असे: प्रत्येक वेळी ठोक शुल्क किती, अधिभार किती टक्के, आणि रुपयांत रूपांतर झाले तरी तो लागतो का. उत्तर तोंडी न घेता शुल्कपत्रक मागावे. काही बँकांची काही कार्डे अधिभाराविना असतात; आपल्या बँकेत तशी सोय आहे का, हेही तेव्हाच कळेल.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढणे शक्यतो टाळावे. खरेदीला जी बिनव्याजी मुदत मिळते, ती रोख रकमेला मिळत नाही. त्याच दिवसापासून व्याज सुरू होते, आणि रोख काढण्याचे शुल्क वेगळे.

प्रवासासाठी आगाऊ रक्कम भरून घ्यायचे परकीय चलनाचे कार्डही मिळते. त्यात दर भरण्याच्या दिवशीच निश्चित होतो, हा त्याचा खरा फायदा. पण 'अधिभार शून्य' या जाहिरातीला भुलू नये, कारण भरतानाच्या दरात बँकेने आपला वाटा घेतलेला असतो. तसेच कार्डात डॉलर भरून दिरहम काढले तर चलनबदलाचे वेगळे शुल्क लागते. १९९७ पासून दिरहम डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. दर हलत नाही, शुल्क मात्र लागतेच. म्हणून जेथे जायचे तेथलेच चलन भरावे.

थोडी रोख रक्कम नागपुरातूनच नेणे शहाणपणाचे. अधिकृत विनिमय व्यावसायिकाकडे पारपत्र आणि प्रवासाची कागदपत्रे दाखवून परकीय नोटा घेता येतात. रोख रुपये देऊन ५०,००० रुपयांपर्यंतच चलन मिळते, त्यापुढे धनादेश किंवा खात्यातून रक्कम द्यावी लागते. दोन-तीन दुकानांत दर विचारावा, आणि विचारताना विक्रीचा दर विचारावा. फलकावर ठळक दिसतो तो कित्येकदा खरेदीचा असतो. कार्डाने परदेशात काढलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत मोजली जाते. तिची मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, त्यामुळे लेकीच्या घरी जाणाऱ्याने तिची चिंता करू नये.

जाता जाता एक गोष्ट सांगाविशी वाटते. आखातातील अनेक राज्यांत एके काळी भारतीय रुपयाच चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या प्रदेशासाठी निराळ्या नोटा काढल्या. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर दुबई आणि शेजारच्या राज्यांनी तो सोडून दिला. त्यापूर्वी महालातून दुबईला गेलेल्या माणसाला रुपयाचाच हिशेब करावा लागला असता.

स्वाध्याय

आपल्या बँकेचे शुल्कपत्रक मिळवा आणि वरील उदाहरणातील आकड्यांच्या जागी त्यातील आकडे घालून ५०० दिरहम काढण्याची कसर मोजा. एकदा दिरहम निवडून आणि एकदा यंत्राचे रूपांतर स्वीकारून, असे दोन हिशेब मांडा. त्यानंतर यंत्राच्या पडद्यावरील मजकूर, दोन्ही पर्यायांचा खरा अर्थ प्रथम वाचणाऱ्यालाही कळेल अशा प्रकारे, तीन वाक्यांत मराठीत लिहा.