कालवडीचा चारा: आधी जगण्याला, मग वाढीला



दुधाच्या गाईला खुराक आणि कालवडीला उरलासुरला कडबा, असं बऱ्याच गोठ्यांत चालतं. कालवडीचं पोट भरलेलं दिसतं, पण खाल्लेलं अंगाला लागत नाही आणि ती माजावर उशिरा येते. याचं कारण निव्वळ ऊर्जेच्या हिशेबात सापडतं.

*निव्वळ ऊर्जा म्हणजे काय?*
चाऱ्यातली काही ऊर्जा शेण, लघवी आणि ढेकरेतून जाते, काही अंगातल्या उष्णतेत जाते. उरते ती निव्वळ ऊर्जा. ती आधी जगण्याला लागते, शिल्लक राहील तेवढीच वाढीला मिळते. १९६८ साली अमेरिकेत लॉफग्रीन आणि गॅरेट या शास्त्रज्ञांनी मांसासाठी वाढवायच्या जनावरांकरता हा हिशेब मांडला. वाढत्या कालवडीलाही तोच विचार लागू पडतो.

*१ किलो शुष्क पदार्थातली ऊर्जा (मेगाकॅलरी, अंदाजे)*
▪ ज्वारीचा कडबा: जगण्यासाठी ०.९७, वाढीसाठी ०.४२
▪ मका भरडा + सरकी पेंड, निम्मं निम्मं: जगण्यासाठी १.९, वाढीसाठी १.२५

म्हणजे कडबा जगवतो बरा, पण वाढवतो कमी.

*वजन कसं काढायचं?*
छातीचा घेर × घेर × अंगाची लांबी (सगळं इंचात) ÷ ६६० = किलो.
घेर ५२, लांबी ४९ असेल तर वजन सुमारे २०० किलो. अशा कालवडीला नुसतं जगायला रोज सुमारे ४.१ मेगाकॅलरी लागतात.

*आता दोन गव्हाणी बघा*
१) नुसता ५ किलो कडबा: शुष्क ४.५ किलो. त्यातला ४.२ किलो जगण्यातच संपतो. वाढ रोज जेमतेम ५० ग्रॅम.
२) ४ किलो कडबा + २ किलो वरचा खुराक: शुष्क ५.४ किलो. त्यातला ३.२ किलो जगण्याला, २.२ किलो वाढीला. वाढ रोज ४०० ते ५०० ग्रॅम.

संकरित कालवड भरवायला साधारण २५० किलो वजन हवं. २०० वरून तिथे पोचायला दुसऱ्या गव्हाणीला चार महिने पुरतात. पहिलीला अडीच वर्षंही कमी पडतात, आणि तेवढे दिवस तुमचा कडबा जातच राहतो!

*ध्यानात ठेवा*
✅ खुराक १०-१५ दिवसांत हळूहळू वाढवा. एकदम जास्त भरडा दिला तर पोटात आम्ल वाढून जनावर आजारी पडतं.
✅ ऊर्जेसोबत प्रथिनं, खनिज मिश्रण, भरपूर पाणी आणि जंतनाशक हवंच.
✅ वजन वाढलं की जगण्याचा खर्चही वाढतो. दर महिन्याला टेप लावा, खुराक त्याप्रमाणे बदला.
✅ आकडे परदेशी तक्त्यांवर बेतलेले आहेत. देशी जनावराला जगण्यासाठी साधारण १० टक्के ऊर्जा कमी लागते. त्यामुळे आकडे अंदाज म्हणून धरा, खरं काय ते टेप सांगेल.

आज संध्याकाळी एका कालवडीला टेप लावा. घेर, लांबी आणि रोजचा चारा ग्रुपवर टाका, हिशेब मिळून करू.