बाजारभावाचं पान वेगळं, लेखाचं वेगळं
कळमना बाजारातले संत्र्याचे दर आणि दीक्षाभूमीवरचा दीर्घ लेख एकाच कोऱ्या पानावर लिहायला लावणं हा मजकूर भरणाऱ्यावर अन्यायच आहे. संकेतस्थळं चालवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीत २०१० सालच्या ३.० आवृत्तीपासून मजकुराचे स्वतंत्र प्रकार सहज करता येतात. ६ डिसेंबर २०१८ला ५.० आली, ब्लॉक एडिटर आला आणि प्रत्येक प्रकाराला तयार साचा देता येऊ लागला. ‘बाजारभाव’ नवा उघडला, की तारीख, आवक, किमान-कमाल दरांचा तक्ता समोर हजर! साच्याला पूर्ण कुलूप लावलं तर घाईतही ब्लॉक हलत नाही, पुसला जात नाही. आकडे तेवढे भरायचे. लेखाला मात्र कुलूप नकोच. आणि प्रकार नोंदवताना ‘शो इन रेस्ट’ हा पर्याय चालू करा, नाहीतर जुनाच एडिटर उघडेल.