पितळ उघडं कधी पडतं?

थळच्या आर.सी.एफ.मध्ये अमोनिया बनतो आणि त्याचा पुढे युरिया. अमोनियाच्या लाइनवर पितळी व्हॉल्व्ह चालत नाही, हे आपण मटेरियल्सच्या पेपरपुरतं पाठ करतो. पण ही गोष्ट आधी कळली ती काडतुसांमुळे.

हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली असायची. एकही बार न काढता त्यांच्या पुंगळ्या आपोआप चिरायच्या! ऋतूवरून त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण दाखवलं : घोड्यांच्या लघवीतून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळात अडकलेला ताण.

हे पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. चकती दाबून, ओढून तिची नळी करतात, तेव्हा ताण आत राहतो. म्हणून पुंगळीची मान तापवून मऊ करतात. मिलिटरीच्या पुंगळीवर मानेपाशी निळसर-तपकिरी डाग दिसतो तो त्याचाच. लोकांना वाटतं माल खराब. खरं तर ती चांगली खूण!

रायफलची पुंगळी पुन्हा भरायची असेल (लायसन्सशिवाय नाही, हॉस्टेलवर तर नाहीच) तर चकाकीवर जाऊ नये. मानेवर उभी चीर आहे का बघावं. मग तारेचं टोक वाकवून आतून, बुडाच्या थोडं वर फिरवावं. खाच लागली तर पुंगळी सरळ भंगारात. तिथलं पितळ ताणून पातळ झालेलं असतं. पुढच्या बाराला ती तिथेच तुटून तापलेला गॅस नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो.

आणि पुंगळी चमकवायला अमोनियावालं ब्रास पॉलिश अजिबात नको.